शिकारीच्या गाडीची पहिली फेरी

अण्णा,

लिहून देणार तुमचा थोरला मुलगा, वय वर्षे ऐंशी पूर्ण, शिक्षण इयत्ता चौथी, धंदा जुन्या मालमोटारींची खरेदी-विक्री, राहणार सोलापूर. नाव तुम्हीच ठेवलेले असल्यामुळे ते इथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. जे लिहितो ते खरे लिहितो.

गेल्या आठवड्यात एक तरुण आवारात आला. शेतावरच्या हॉटेलासमोर उभी करण्यासाठी त्याला एक जुनी गाडी शिकारीच्या गाडीसारखी करून हवी होती. "आजोबा, ह्या गाड्यांतनं खरंच शिकार करायचे काय ओ?" असे त्याने विचारले. मी होय म्हणालो, त्याला चहा पाजला आणि गाडी करून देईन असा शब्दही दिला, कारण धंदा तो धंदा. मात्र पुढची हकीकत त्याला सांगितली नाही. ती तुमच्यापाशी लिहितो.

शिकारीवर बंदी नव्हती तेव्हाचा तो काळ. तुम्ही फौजेत गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या, परत आल्यावर गिरणीत नोकरी केली, आणि आईचे दागिने मोडून लष्कराच्या लिलावातून तीन जुन्या मालमोटारी आणल्या. मी तेव्हा विशीत होतो. त्यांतल्या एकीचे टप आपण दोघांनी कापले. मागे पाठीला पाठ लावून बसता येईल असे दोन बाक मी केले, बंदूक टेकवायला लोखंडी दांडी बसवून तिला गोणपाट गुंडाळले, आणि तुम्ही पुढे मोठा दिवा लावला. ती गाडी विकली गेली नाही तर आवार सोडून तुम्हाला पुन्हा गिरणीत जावे लागणार होते. हे तुम्ही कधी बोलला नाहीत. आई रोज बोलत असे.

आपल्या मूळ गावचे मालक गाडी पाहायला आले तो दिवस मला स्वच्छ दिसतो. ते गाडीभोवती दोनदा फिरतात, बाकावर बसून पाहतात, आणि खुर्ची दिलेली असताना उभ्यानेच बोलतात.

"गाडी ब्येस हाय. घ्यायची. पर शिकारीच्या दिशी तुझी भावकी हाक्याला आण. तुझा बाप डबा बडवत पळायचा की आमच्या थोरल्यांम्होरं."

आपण बौद्ध झालो त्याला काही वर्षे लोटली होती. तरी शिकार निघाली की आपल्या वस्तीतल्या पुरुषांनी डबे बडवत झुडपांतून जनावर उठवायचे, म्हणजे हाका घालायचा, हा गावचा रिवाज चालूच होता.

"पळायचा की," तुम्ही हात पुसत म्हणालात. "त्याला गाडी चालवाय येत न्हवती."

"मग जनावर उठवायचं कुणी?"

"हॉर्न हाय की, मालक. तुमीच वाजवा."

मालकांचे मुनीम हसले आणि लगेच खोकू लागले. मालक गेले. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "हॉर्नानं जनावर उठंल का न्हाय ठावं न्हाय, गिऱ्हाईक मातुर उठलं."

पण तशी गाडी दुसऱ्या कुणाकडे मिळेना, म्हणून मालकांनीच निरोप धाडला की रविवारी गाडी घेऊन या. आपल्या धंद्याचा नियम होता की गाडीची पहिली फेरी विकणाऱ्याने मारायची आणि फेरी संपली की सुरू करण्याचे हँडल घेणाऱ्याच्या हातात द्यायचे. तोवर गाडी आपली. तुम्ही इस्त्रीची खाकी घातलीत. मालक तुमच्या शेजारी बसले, त्यांचे तीन पाहुणे बंदुका घेऊन मागे माझ्याजवळ बसले.

गावाबाहेरच्या माळावर आपल्याच वस्तीतली माणसे काठ्या आणि रिकामे डबे घेऊन उभी होती. मालकांनी त्यांना परस्पर बोलावले होते. त्यांत तुमचे धाकटे भाऊ, माझे चुलते, होते. तुम्हाला चालकाच्या जागेवर पाहून त्यांनी हातातला डबा पाठीमागे धरला. तुम्ही गाडी बंद केलीत.

"थांबलास का? पुढं घे," मालक म्हणाले.

"माणसं चढू द्या."

"कुठली माणसं? अरं, गाडी माझी का तुझी?"

"हँडल अजून माझ्यापाशी हाय, मालक."

नंतर तुम्ही खिडकीतून मान बाहेर काढून भावाला म्हणालात, "चढ रं वर."

"दादा, पाय लई धुळीनं भरल्यात."

"गाडी फौजंतली हाय. तिला धूळ म्हाईत हाय."

ते चढले, मग बाकीचे चढले. दोन पाहुणे सरकून बसले, तिसरा उतरून चालू लागला. मालकांनी समोर पाहत गाडी फिरवायला सांगितली. तुम्ही ती गावाच्या वेशीतून, ज्या रस्त्याने आजोबांना वहाणा हातात घेऊन जावे लागे त्या रस्त्याने, सावकाश मालकांच्या दारापर्यंत नेलीत. मालक उतरून आत गेले. थोड्या वेळाने मुनीम बाहेर आले. "मालक म्हंत्यात, गाडी नगं." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि सर्वांना वस्तीवर सोडून आपण सोलापूरला परतलो. आईने तुमच्या हातातले हँडल पाहिले. भाकरी त्या दिवशी तुम्हाला आधी वाढली.

तुम्ही पुन्हा गिरणीत गेलात. दिवसा यंत्रावर, सुटीच्या दिवशी आवारात. ती गाडी पुढे टेंभुर्णीच्या एका व्यापाऱ्याने माल वाहायला घेतली आणि माझे बाक काढून टाकले. नंतर शहरातले डॉक्टर, वकील शिकारीच्या गाड्या मागायला आले, तेव्हा तुम्ही प्रत्येकाला आधीच सांगत होता की आमच्याकडून गाडी मिळेल, हाका मिळणार नाही. सर्वांनी ऐकले असे नाही, पण पुष्कळांनी ऐकले. आवार उभे राहिले, ते आजही उभे आहे. पहिल्या फेरीचा नियम मी एकदाही मोडलेला नाही. या आवाराचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवीत नाही.

हे पत्र टपालपेटीत टाकायचे नाही. माझ्यामागे कुणाला सापडले तर त्याने ते वाचावे. त्या दिवशी गाडीत समक्ष हजर असलेले साक्षीदार येणेप्रमाणे: चालक, म्हणजे तुम्ही. शेजारी मालक. मागे दोन पाहुणे, मी, माझे चुलते आणि वस्तीतले सात-आठ पुरुष. चुलते सोडल्यास त्या पुरुषांपैकी एकाचेही नाव मला देता येत नाही. गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, विचारता आले असते. माझे सारे लक्ष मी केलेला बाक मोडतो की काय, इकडे होते.