निळ्या चिंधीचा डबा

सॉरवुड खोरं, वेस्ट व्हर्जिनिया
११ ऑगस्ट १९९६

चि. डेल्फियास,
आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

एकदा कुठल्यातरी डॉक्टरला डोकं दाखवून घे. वाढदिवसाचं कार्ड पाठवलंस, त्यात बारा ओळी अक्षरं आणि चित्र एकही नाही. एक्क्याऐंशी वर्षांत तुझ्या आजीला अक्षर आलं नाही, हे तू सव्वीस वर्षांची पोर विसरलीस. दोन दिवस ते कार्ड फळीवर ऐटीत उभं होतं. मग ऑर्फा आली आणि तिने ते सुलटं केलं. ऑर्फा म्हणजे आपल्या पाद्रीबुवांची बायको, एवढं तरी आठवतंय ना? हे पत्रही तीच लिहितेय आणि माझे चांगले चांगले शब्द गाळतेय.

तर काम असं आहे. तुझ्या हॉबर्टमामाची काडतुसं तळघरात पुठ्ठ्याच्या खोक्यांत असतात. तळघराला ओल, त्यामुळे पितळ हिरवं पडलंय. गेल्या नोव्हेंबरात चाळीस पावलांवर हरीण उभं होतं. मामाने चाप ओढला आणि नुसतं टक् वाजलं. हरणाने म्हणे मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि मग सावकाश निघून गेलं. खाणीने फुप्फुसं खाल्लेला माणूस, दोन मैल चढ चढून गेला होता. हिवाळाभर आम्ही घेवडा खाल्ला. तू लष्कराच्या जुन्या सामानाच्या दुकानात दिवसभर उभी असतेस, तर त्याच्यासाठी काडतुसांचा एक पत्र्याचा डबा नीट पारखून पाठव. प्लॅस्टिकचा नको, इथले उंदीर तुझ्या मामापेक्षा कामसू आहेत.

आणि तसाच एक मलाही हवा. तुझ्या आईची कॅसेट ज्या डब्यात आहे त्याचा तळ गंजलाय. मला वाचता येत नाही म्हणून इव्हालीनने पत्राऐवजी बोलून पाठवलेली ती एकच. त्याच महिन्यात बर्फावर गाडी घसरली आणि ती गेली. फीत झिजू नये म्हणून मी वर्षातून दोनदाच ऐकते. शेवटी ती म्हणते की, आई, येताना आल्याची बिस्किटं आणते. तेवीस वर्षं झाली, बिस्किटं डेटनहून निघालेलीच आहेत.

माया आहेच. तिला गंज चढू देऊ नकोस.
तुझी आजी,
टेनी

*

डेटन, ओहायो
२५ ऑगस्ट १९९६

ती. आजीस,
डेल्फियाचा सा. न. वि. वि.

कान पकडले. पुढच्या वर्षी नुसता कोंबडा काढून पाठवीन.

डबे निवडायला तीन दिवस घेतले. दुकानातली माणसं विचारत होती की हिला आत राहायला जायचंय का. मोठा डबा मुद्दाम घेतला नाही. तो काडतुसांनी भरला की मामाच्या छातीला उचलवणार नाही. लहानातले चौदा उघडून पाहिले. आधी आतले कोपरे पाहायचे, कारण गंज तिथून सुरू होतो. मग झाकणाची कड, कुठे ठोकर बसलेली नको. मग रबराची रिंग, बोटाने दाबली की परत वर आली पाहिजे. शेवटी कागदाची पट्टी झाकणात धरून कडी लावायची आणि पट्टी ओढायची. निसटली तर डबा खोटा, फाटली तर खरा.

एकाची पट्टी चारही बाजूंनी फाटली. दुसरा एका बाजूला जरा सैल आहे. त्याहून बरा जोडीदार मिळाला नाही. पक्का डबा आईच्या कॅसेटसाठी. सैल मामाला, त्याची काडतुसं हिवाळ्यात उडून जातातच. डबे कोरड्या दिवशी बंद करा, पावसात केले तर ओल आतच कोंडते. आणि जमिनीवर ठेवू नका, खाली फळी असू दे.

आजी, एक मागते. कॅसेट मला पोस्टाने पाठवशील? इथे तिची दुसरी प्रत करून मिळते. आत्याने मला मायेने वाढवलं, पण आईचा आवाज मी एकदाच ऐकलाय, नऊ वर्षांची असताना, तुझ्या स्वयंपाकघरात. आता आठवायला गेले की तो आत्याच्याच आवाजात ऐकू येतो.

तुझ्या रागावण्याचीही वाट पाहणारी,
डेल्फिया

*

सॉरवुड खोरं
२२ सप्टेंबर १९९६

चि. डेल्फियास आशीर्वाद, वि. वि.

डबे पोचले. माझ्या लग्नात नवरामुलगा एवढा पारखला असता तर तुझे आजोबा नापास झाले असते. कडेला ठोकर होतीच.

तुझ्या पट्टीवर मामाचा विश्वास बसला नाही. त्याने पक्क्या डब्यात वर्तमानपत्र घातलं, वर दगड ठेवून कपडे धुण्याच्या टबात रात्रभर बुडवला. सकाळी कागद असा कोरडा की चूल पेटवता आली असती. मामा त्या डब्याकडे ज्या नजरेने बघत होता, तशी नजर मी त्याच्या लग्नानंतर आज पाहिली. म्हणतो, असला डबा गाण्याबोलण्यावर वाया घालवायचा. मी सांगितलं, हात लावशील तर बोटं मोडीन.

तू दोन्ही झाकणांवर पांढऱ्या रंगाने काहीतरी लिहून पाठवलंस. डोक्याच्या डॉक्टरकडे गेली नाहीस वाटतं! मी माझ्या निळ्या परकराची चिंधी फाडून पक्क्याच्या मुठीला बांधली. आत कॅसेट, घराण्याचं बायबल आणि आजोबांचा खाणीतला पितळी दिवा ठेवला. दोन्ही डबे दाराजवळच्या कपाटात, फळीवर. आता मला ऑर्फाची गरज नाही, असं म्हटल्यावर ऑर्फाने लेखणी खाली ठेवली होती. पाईचा तुकडा दिला तेव्हा उचलली.

कॅसेट पोस्टाने पाठवणार नाही. एक लेक रस्त्याने गेली, तिचा आवाज त्याच रस्त्याने पाठवू? तू ये. ईस्टरला ये, यंत्र घेऊन ये, माझ्यासमोर प्रत कर.

माझ्या हट्टावरही लोभ ठेव.
आजी

*

डेटन
१ डिसेंबर १९९६

ती. आजीस सा. न. वि. वि.

ठरलं. ईस्टरची चार दिवस सुट्टी मिळाली. दोन कॅसेटी एकदम चालणारं यंत्र शेजाऱ्यांकडून मागून ठेवलंय. त्या दिवशी स्वयंपाकघरात कुणी खोकायचं नाही, हे मामाला आत्तापासून सांग. बिचाऱ्याला कठीण आहे. हरीण मिळालं का?

तुझी प्रत,
डेल्फिया

*

सॉरवुड खोरं
१२ जानेवारी १९९७

चि. डेल्फियास आशीर्वाद, वि. वि.

मिळालं. या खेपेला टक् झालं नाही. मामा तीन दिवस राजासारखा वावरला. मग खोकला आला आणि राज्य खालसा झालं. मांस अर्धं सुकवलंय, अर्धं बरण्यांत भरलंय, तुझी बरणी वेगळी काढली आहे.

मामाची कुरकुर मात्र चालूच आहे. सैल डब्याला आतून घाम येतो, दहाबारा काडतुसं पुन्हा हिरवी झाली. पुढच्या वर्षापर्यंत टिकायला पाहिजेत, म्हणतो. पुढच्या वर्षी तो डोंगर चढणार आहे असं त्याला वाटतं, म्हणून मी ती कुरकुर ऐकून घेतली. गुरुवारी मी प्रार्थनेहून आले तर हा फार गुणी चेहरा करून बसलेला. लहानपणी अंडी चोरायचा तेव्हा असाच बसायचा.

ईस्टर लवकर येऊ दे. या हिवाळ्यात कॅसेट ऐकली नाही, तुझ्याबरोबर ऐकायची म्हणून.

वाट बघणं कमी होऊ देऊ नकोस.
आजी

*

सॉरवुड खोरं
२ मार्च १९९७

चि. डेल्फियास,
आशीर्वाद.

आम्ही जिवंत आहोत. हे आधी सांग, असं ऑर्फाने बजावलं.

गेल्या रविवारी सकाळी डोंगरावरचा बर्फ आणि पाऊस एकदम खाली आले. मामा ट्रक वर चढवायला गेला होता. ओढा आधी अंगणात आला, मग ओसरीवर, मग विचारलं नाही, घरातच आला. पाणी गुडघ्याला लागलं. एका हाताने कठडा धरायचा, म्हणजे दुसऱ्या हातात एकच वस्तू. मी कपाट उघडलं आणि निळ्या चिंधीचा डबा उचलला. जड लागला. पण या वयात बायबलही जडच लागतं. ऑर्फाच्या घरापर्यंत चढताना दोनदा बसले, डबा मांडीवर घेऊन, तान्हं घ्यावं तसा.

ऑर्फाच्या टेबलावर उघडला. काडतुसं होती.

चकचकीत, पोरी. एकावरही हिरवा ठिपका नाही. डबा तू फार उत्तम निवडलास.

मामाने त्या गुरुवारी आतल्या सामानाची अदलाबदल केली होती. कपाट कोरडं आहे, कॅसेटला सैल डबाही चालेल, असा त्याचा हिशेब. माझी चिंधी त्याला निळी शोभा वाटली. पण मी गोंधळू नये म्हणून त्याने तुझी अक्षरं पुसून नवी लिहिली होती. मोठी, लाल रंगात. मी सांगते आहे ते समजतंय ना? पन्नास वर्षं माझ्या हातचं खाल्लं त्याने, आणि मला न विचारता झाकणावर लिहून ठेवलं.

सैल डबा तीन दिवसांनी खाली पुलाशी सापडला. आत पाण्यापेक्षा गाळ जास्त. बायबलाचा लगदा झालाय, दिवा मामाजवळ आहे. कॅसेट कापडात गुंडाळून ऑर्फाबरोबर तुझ्याकडे पाठवते आहे. ती बहिणीकडे डेटनला येतेच आहे. पोस्टाने तेव्हाच पाठवली असती तर, हे तू लिहू नकोस. मी रोज स्वतःला सांगते, पुरेसं आहे.

बंदूक वाहून गेली. घर उभं आहे पण राहण्यासारखं नाही. मामा ऑर्फाच्या पायरीवर बसून असतो. मी त्याला एकदाच विचारलं की, अरे, तुझ्या आईला वाचता येत नाही हे विसरलास का. तो म्हणाला, विसरलो नव्हतो, पण लिहिताना आठवलं नाही.

आजी

*

डेटन
२३ मार्च १९९७

ती. आजीस सा. न. वि. वि.

दोन आठवडे थांबून लिहिते आहे, कारण आधी खात्री करायची होती.

कॅसेटी दुरुस्त करणाऱ्या पहिल्या माणसाने फीत धुऊन वाळवली आणि नव्या खोक्यात घातली. एका बाजूला नुसती खरखर. दुसऱ्या बाजूला मध्येच काहीतरी ठोकल्याचा आवाज चारदा येतो. मी दुसऱ्या माणसाकडे नेली. त्याने सांगितलं की गाळाने फितीवरचा थरच खरवडलाय, आता त्यात काही नाही, पैसेही घेतले नाहीत. तरी मी तिसऱ्याकडे गेले. त्याने वाजवलीसुद्धा नाही, उजेडात धरून दाखवली. फितीतून पलीकडची खिडकी दिसत होती.

मामाला बोलू नकोस. झाकणावर पहिलं लिहिणारी मीच, आणि कार्डावरून तुझी बोलणीही खाल्ली होती. आपण सगळे तुझ्यासमोर अक्षरं ठेवत राहिलो.

ते ठोकणं कसलं होतं ते सांगशील? आणि आईचा आवाज जाड होता की बारीक? मी तुला कधी विचारलंच नाही. कॅसेट आहेच, असं वाटायचं.

ईस्टरला मी येत नाही. सुट्टी आहे, पण येऊन काय करू ते समजत नाही.

डेल्फिया

*

सॉरवुड खोरं, ऑर्फाचं घर
६ एप्रिल १९९७

चि. डेल्फियास,
उरलेसुरले सगळे आशीर्वाद, वि. वि.

ते ठोकणं तुझं. तीन वर्षांची होतीस, चमच्याने टेबल बडवत होतीस. इव्हालीन तुला गप्प बस म्हणाली, तू आणखी जोरात बडवलंस, मग ती हसली. एवढ्या गाळातून राहिलं काय, तर तुझा चमचा. वात्रट होतीसच.

तिचं सगळं बोलणं मला पाठ आहे. आधी खाकरते. मग विचारते, चालू झालं का हे. मग घरमालकिणीच्या मांजराचं सांगते. ऑर्फाने चार पानं भरून लिहिलंय, सोबत पाठवते. तू मोठ्याने वाच, तुझ्या गळ्यात तिचं थोडं तरी असेल, असं लिहायला सांगितलं होतं. आता ऑर्फाला ते खोडायला लावते, कारण ते खोटं आहे. तिचा आवाज जाड की बारीक, मला सांगता येत नाही. माझ्या कानात होता. पूर आल्यापासून आठवायला गेले की माझाच ऐकू येतो. तुला आत्याचा येतो, मला माझा. तिचा कुणालाच नाही.

मामाने सगळी काडतुसं पाद्रीबुवांच्या भावाला देऊन टाकली. बंदूक नाही आणि छातीही नाही. रिकामा डबा मी मागून घेतला. त्यात काय ठेवू ते ऑर्फा विचारते. ठेवण्यासारखं काही नाही. पण अजूनही कोरडा आहे. रोज बोट फिरवून बघते.

ईस्टरला आली नाहीस ते बरं केलंस. आता उन्हाळ्यात ये, काही करायला नको, नुसती ऑर्फाच्या पायरीवर मामाशेजारी बस. त्याला जागा करायला सांगीन.

तोवर एक कर. एका माणसाने कबूल केलेली आल्याची बिस्किटं तेवढी पाठवून दे. मला दात नाहीत तेव्हा मऊ बघून घे, मामासाठी चार जास्त घाल. आणि हे बघ, पत्र्याच्या डब्यात नको. कागदाच्या पिशवीत पाठव. वर काही लिहू नकोस.

तुझी,
आजी