न वाचलेल्या पुस्तकांबद्दल

अण्णा,

आज वाचनालयाच्या बैठकीतून मी रागानं उठून आले. रिक्षात बसल्यावरही मनातल्या मनात बोलतच होते. घरात सांगितलं असतं तर ‘कशाला डोक्याला ताप करून घेतेस’ एवढंच ऐकायला मिळालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की नांदेडचं हे घरही तुम्ही पाहिलेलं नाही. इथं आमच्या कॉलनीत समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एक लहानसं वाचनालय आहे. कपाटं भरली, नव्या पुस्तकांना जागा उरली नाही, म्हणून कोणती काढायची हे ठरवायला आम्ही चौघं बसतो. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी बसल्या बसल्या निकाल देऊन टाकला. प्रेमकथा काढा, बायका दुपारच्या टाइमपासला नेतात. सुपरहिरोंची चित्रपुस्तकं काढा, पोरं गच्चीवरून उड्या मारतील. आणि लहान मुलांच्या ज्या पुस्तकांत काही शिकवण नाही तीही काढा. मी विचारलं, “सर, यातलं आपण कोणतं वाचलंय?” ते म्हणाले, “त्याला वाचायला कशाला पाहिजे? वरचं चित्र बघितलं की कळतं.” बाकी दोघांनी माना हलवल्या.

मला तेव्हा निलंग्याचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही कंडक्टरची ड्युटी संपवून येता, खाकी शर्ट खुंटीला अडकवता आणि लातूरच्या स्टँडजवळच्या दुकानातून भाड्यानं आणलेली कादंबरी पिशवीतून काढता. नेहमी प्रेमकथाच. आई भाकरी थापत असते आणि तुम्ही पाटावर बसून सांगता, “आयकलं का, त्या पोरीनं डॉक्टरला न्हाई म्हनलं.” आई वर न बघता म्हणते, “बरं केलं. त्याची माय लई खट हाय.” “माय खट हाय, पर पोराचा काय गुन्हा?” “पोरगा मायच्या म्होरं तोंड उघडत न्हाई, ह्योच गुन्हा.” मग जेवण होईपर्यंत तुमचं दोघांचं तेच चालतं. लहानपणी मला वाटायचं, ही डॉक्टर वगैरे मंडळी आपल्या नात्यातलीच आहेत, आणि एक दिवस लग्नाचं बोलावणं येईल.

तुमच्या गाडीवरचे ड्रायव्हर काका मात्र उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या वीरांची चित्रपुस्तकं वाचायचे. गाडी स्टँडवर थांबली की तुम्ही त्यांची चेष्टा करायचा. एकदा ते चिडून म्हणाले, “तुमच्या हिरोइनी तीनशे पानं रडत बसतात, कुनी येतंय का? माझा कसा, हाक मारली की हजर.” तुम्ही त्यांचं पुस्तक मागून घेतलंत, घरी आणून शेवटपर्यंत वाचलंत आणि दुसऱ्या दिवशी परत देताना म्हणालात, “न्हाई पटलं. ह्याला काही इजाच व्हत न्हाई, मग वाचताना भ्या कशाचं वाटावं?” काका आठवडाभर फुगून होते. पण वाचून नाही म्हटलंत, हे त्यांनी मानलं होतं.

आणि मी पाचवीत असताना तुम्ही माझ्यासाठी पहिल्यांदा विकत आणलेलं ते पुस्तक. हरवलेलं बदक शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट होती. मी दोन पानं चाळून ‘भंगार आहे’ म्हटलं. तुम्ही कधी आवाज चढवायचा नाहीत, त्या दिवशी चढवलात. “दोन पानं वाचून काय सांगायलीस? समदं वाच, मग खुशाल शिव्या दे.” मी रडत रडत सगळं वाचलं. बदक शेवटपर्यंत सापडतच नाही. मी येऊन सांगितलं, “मला नाही आवडलं, शेवट वाईट आहे.” तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, “मंग ठीक हाय. आता हे तुजं मत झालं.”

तेच मी मागच्या महिन्याच्या त्या बैठकीत मांडलं. म्हटलं, प्रत्येकानं एकेक पुस्तक घरी न्या, पूर्ण वाचा, मग काढू. आज सगळे वाचून येणार होते. सुपरहिरोचं पुस्तक नेलेल्या इंजिनिअरनं ते उघडलंही नव्हतं. मोबाइलवर कुणाचं तरी मत ऐकून तेच त्यानं आम्हाला ऐकवलं. मुलांचं पुस्तक नेलेल्या बँकेतल्या बाई म्हणाल्या, “माझी मुलगी खूप हसली, रोज तेच मागते. पण त्यातून घ्यायचं काय?” मी म्हटलं, “अहो, हसली ना?” त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुलीचं वाईट चिंतलं.

सरांनी प्रेमकथा मात्र अक्षरन् अक्षर वाचली होती. चष्मा काढून ते म्हणाले, “तिनं त्या दुसऱ्याशी लग्न करायला नको होतं. पहिला बिचारा इतकी वर्षं थांबला.” मी म्हटलं, “थांबला म्हणजे काय केलं? एकदा तरी तिला विचारलं का?” “मॅडम, सगळ्यांना नाही विचारता येत.” हे बोलताना ते काढलेला चष्मा उगाच पुसत होते. आम्ही बराच वेळ भांडलो. मला वाटलं, मी जिंकले. तेवढ्यात त्यांनी पुस्तक मिटलं आणि काढायच्या गठ्ठ्यावर ठेवलं. “छान आहे हो. पण वाचनालयात शोभत नाही.”

तिथं माझं डोकं फिरलं. “तुम्हाला वाचताना शोभलं, मग लोकांना का शोभत नाही?” ते म्हणाले, “तुम्ही फार मनाला लावून घेता.” मतदान झालं, तीन विरुद्ध एक. पुस्तकं रद्दीच्या पोत्यात गेली. ‘परत येणार नाही’ असं सगळ्यांना ऐकवून मी निघाले.

आवडलं नाही म्हणणाऱ्यांचा मला कधीच राग आला नाही, अण्णा. आईला तुमच्या निम्म्या कादंबऱ्या आवडायच्या नाहीत. पण आवडलेलं पुस्तक चारचौघांत असं ढकलून द्यायचं, हे मला काही केल्या समजत नाही. तुम्ही तर भर स्टँडवर, प्रवाशांसमोर नायिकेचं चित्र असलेली कादंबरी उघडून बसायचा.

हे पत्र कुठं पाठवायचं, हे मला कुठं ठाऊक आहे. ते माझ्याजवळच राहील. एक मात्र सांगून टाकते. पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. कादंबरीतला तो पहिला माणूस थांबला नव्हता, नुसता घाबरला होता, हे सरांना सांगायचं राहिलंय. आणि तुम्ही गेल्यापासून असल्या गोष्टींवरून ज्याच्याशी तासभर भांडता येईल, असा मला सर हा एकच माणूस भेटलाय.