व्याहीबुवा, ते शिलाई मशीनचं तेल नव्हतं

आदरणीय व्याहीबुवांस,

नमस्कार. मागच्या पत्रात साष्टांग घातला होता, या खेपेला साधाच आहे, तो गोड मानून घ्यावा. प्रकृती कशी आहे? खोकला उतरला का? विहीणबाईंच्या गुडघ्याला नवं मलम लागू पडलं का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. हिनं तिच्या फोनवरून लावला की पहिल्या घंटीला उचलता, आणि माझा आवाज ऐकला की 'रेंज नाही' असं खणखणीत आवाजात सांगून ठेवून देता. म्हणून हे पत्र. पत्राला रेंज लागत नाही.

तुमच्या पुतण्याच्या दुकानात चार मंडळींसमोर तुम्ही म्हणालात, की आमच्या व्याह्यांनी पोरांच्या पिकअपमध्ये शिलाई मशीनचं तेल ओतलं. हे मला तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं, आणि सांगताना तिघंही हसत होते. व्याहीबुवा, मी उभी हयात शिलाई मशीनं दुरुस्त केली, हे खरं. त्याची मला लाज नाही. पण शिलाई मशीनचं तेल अत्तराच्या थोड्या मोठ्या बाटलीत येतं. त्यानं पिकअप भरायची तर झाकणं उघडण्यातच माझी बोटं झिजली असती. मी आणलं ते सीलबंद डब्यातलं, मोटारीचंच ऑइल होतं. ते पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या कारचं होतं आणि आपली पिकअप डिझेलची आहे, हा तपशील झाला. तपशिलात चूक होणं वेगळं आणि शिलाई मशीनचं तेल ओतणं वेगळं.

हे पत्र तुम्ही विहीणबाईंना वाचून दाखवणार (दाखवाच), म्हणून घडलं ते पहिल्यापासून लिहितो. म्हणजे त्यांना फक्त तुमचीच बाजू ठाऊक असायला नको. माझी मुलगी आणि तुमचा मुलगा मिळून दारं-खिडक्या बनवायचा कारखाना चालवतात. तुम्ही आमच्याकडे पाहुणे म्हणून आला होतात. दोघांना परगावी खिडक्यांची मापं घ्यायला जायचं होतं. जाताना मुलगी म्हणाली, "अप्पा, पिकअप तेवढी गॅरेजवाल्याकडे नेऊन ऑइल बदलून आणा. त्याला सगळं ठाऊक आहे. तुम्ही दोघं फक्त बसा." हे शेवटचं वाक्य तिनं तुमच्याकडे बघून म्हटलं की माझ्याकडे, यावर आपलं एकमत झालं नाही. पण ती गेल्यावर "गॅरेजवाल्याला कशाला पैसे चारायचे, आपण दोघं काय मेलो आहोत?" हे उद्गार कोणाचे होते ते मला चांगलं आठवतं. तुम्हालाही आठवत असेल. मी फक्त पाना शोधायला गेलो.

ऑइलच्या दुकानात काय झालं ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगतो. दुकानदारानं साधा प्रश्न केला, कोणतं देऊ? भिंतीवर छतापर्यंत डबे रचलेले, प्रत्येकावर आकडे. आता माणसानं अशा वेळी गाडीचं नाव सांगावं. तुम्ही तुमची नोकरी सांगितलीत. रस्ते खात्यात रोड रोलर कसा चालवलात, उन्हातान्हात इंजिन कसं तापायचं, आणि ऑइल कसं काकवीसारखं जाड असावं लागतं, चमचा उभा राहिला पाहिजे. दुकानदार निमूट ऐकत होता, म्हणून माझंही कर्तव्य होतं की दुसरी बाजू त्याच्यापुढे मांडावी. तेल म्हणजे पातळच हवं. जिथे सुईचं टोक जात नाही तिथे तेल गेलं पाहिजे. जाड तेल म्हणजे लग्नात आलेला लठ्ठ पाहुणा, एकदा बसला की बसला. (हे मी तुम्हाला उद्देशून म्हटलं नव्हतं. तुम्ही उगाच पोट आत घेतलंत.) मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी दुकानदारानं तुमच्यापुढे सर्वांत जाड, वीस-पन्नास आकड्यांचा डबा ठेवला, माझ्यापुढे सर्वांत पातळ, शून्य-वीसचा, आणि म्हणाला, "दोन्ही घ्या, पण भांडण बाहेर जाऊन करा." त्यानं गाडी कोणती हे विचारलंच नाही. व्यापाऱ्याची नीतिमत्ता हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

अंगणात आल्यावर तोडगा तुम्ही काढलात, आणि तो मला तेव्हा पटला, हे मी नाकारत नाही. जाड आणि पातळ निम्मं निम्मं घातलं की सरासरी निघेल आणि मधलं ऑइल तयार होईल. आंघोळीचं पाणी विसणावं तसं. जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, एक मग तुमचा, एक मग माझा, असं न्यायानं भरलं. इंजिनातल्या मोजपट्टीवर ऑइल वरच्या खुणेला टेकलं. इथे थांबलो असतो तर हे पत्र पाठवायची वेळ आली नसती.

पण दुपारी जेवणं झाल्यावर तुम्ही "जरा शतपावली करतो" म्हणून बाहेर पडलात आणि तुमच्या डब्यातलं उरलेलं जाड ऑइल हळूच इंजिनात ओतलंत. मी ते या दोन डोळ्यांनी पाण्याच्या टाकीमागून पाहिलं. (मी टाकीमागे काय करत होतो, हा प्रश्न गौण आहे.) माझ्या मनाला फार लागलं. ठरलेला करार, आणि माणूस पाठ वळताच आपलं घोडं पुढे दामटतो. आता तुमच्या करणीनं मिश्रणाचा तोल जाडीकडे झुकला होता. तो कोणीतरी सावरायला हवा होता. सावरणारा मी निघालो, तर तो माझा गुन्हा झाला?

दुसऱ्या दिवशी मुलांनी सहा दारं पिकअपवर चढवली. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्यात ती त्याच सकाळी पोचायला हवी होती, कारण रोगी यायला लागले होते आणि आ वासलेला प्रत्येक रोगी दुसऱ्या प्रत्येक रोग्याला दिसत होता. मुलगी गाडी चालवत होती, जावई मागे दारं धरून, आणि मदतीला म्हणून तुम्ही-आम्ही पुढे तिच्या शेजारी. बाजाराच्या चौकात पोचेपर्यंत समोर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, मग दुसरा. इंजिनाची शक्ती गेली, बॉनेटच्या फटीतून जळक्या तेलाचा धूर आला आणि गाडी चौकाच्या मधोमध उभी राहिली. तेव्हा तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात? "पातळ तेलानं असंच होतं." व्याहीबुवा, आग लागलेल्या घरात माणूस आधी पाणी शोधतो.

मुलीनं मोजपट्टी काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर, जवळजवळ मुठीपर्यंत. मग तिनं ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण काढलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"अप्पा, वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. पाच-तीस.

"बाबा, आता तुम्ही."

तुम्ही चष्मा नाही म्हणालात. चष्मा तुमच्या नाकावर होता. मग तुम्हीही वाचलंत. पाच-तीस. हे झाकण आदल्या दिवशी मी हातात घेऊन तुमच्याशी वाद घालत होतो आणि मुद्दा ठासायला त्यानं मडगार्डवर ठोकत होतो, हे तिथे सांगायची तुम्हाला काही गरज नव्हती. रागावला की जावयाचा एक कान लाल होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही झाले होते.

गॅरेजवाला आला तो हसत आला. त्यानं सांगितलं, आकडा जुळला असता तरी आपलं ऑइल चाललं नसतं. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, तिला कमी राख होणारं खास ऑइल लागतं, नाहीतर ती चोंदते. गाळणी साफ होईल, इंजिन वाचलं, पण असंच आणखी चाललं असतं तर वाचलं नसतं. हे सगळं त्यानं चौकातल्या गर्दीला समजेल अशा आवाजात सांगितलं. गर्दीला काय करायचं होतं त्या गाळणीचं?

मग दारं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. मुलगी-जावई एक दार घेऊन निघाले, आणि दुसऱ्याला पुढून तुम्ही, मागून मी. तोंडानं अबोला, हातात एकच दार. तुम्ही पुढे असल्यानं कुठे वळायचं ते तुम्ही ठरवलंत आणि चुकीच्या गल्लीत शिरलात, मी बोलायचं नाही म्हणून बोललो नाही. एका वात्रट गृहस्थानं जाता जाता दारावर टकटक करून "घरात कोणी आहे का?" विचारलं. तुम्ही खुदकन हसलात. मला पाठमोरे दिसत होतात, पण खांदे हलले. मी हसलो नाही. मी खोकलो.

शेवटच्या खेपेला तुम्हाला धाप लागली, म्हणून दार भिंतीला टेकवून आपण एका दुकानाच्या पायरीवर बसलो. तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "रोलर सोडल्यापासून मला कोणी इंजिनातलं काही विचारलंच नव्हतं हो." एवढंच म्हणालात. मग उठलात आणि दाराचं आपलं टोक उचललंत.

माझा खरा राग यावर आहे. हे वाक्य तुम्ही ऑइलच्या दुकानात बोलला असतात, तर मी गुपचूप तुमचं जाड ऑइल घेऊ दिलं असतं. गाडी तशीही बंद पडलीच असती, पण एकाच्याच चुकीनं पडली असती आणि आपलं बोलणं चालू राहिलं असतं. मलाही माझं दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून कोणी मशीनची बॉबिन कुठे अडकली ते विचारायला येत नाही. मी काय ते चार लोकांत सांगत सुटलो? तुम्ही मात्र दुसऱ्या सकाळी चहाचा कप तसाच ठेवून पहिल्या गाडीनं निघून गेलात, आणि जाऊन शिलाई मशीनच्या तेलाची वावडी उठवलीत. ही सोयरिकीची रीत नव्हे.

पिकअप आता उत्तम चालते. पाच-तीस, कमी राखेचं. तुम्ही आणि मी बॉनेटला हात लावायचा नाही, असा मुलीनं दंडक घातला आहे. हॉर्न वाजवायला हरकत नाही म्हणाली. डॉक्टरीणबाईंची दारं छान बसली. त्यातलं एक किंचित घासतं, ते आपण आणलेलं नसावं.

विहीणबाईंना नमस्कार. तुम्हाला वर घातला आहेच.

आपला,
(अजूनही) व्याही

ता. क. तुमचा मफलर इथे राहिला आहे. हिनं धुऊन ठेवला आहे. पोस्टानं पाठवणार नाही, येऊन न्यावा.

ता. क. दुसरा. त्या दुपारी तुम्ही ओतून गेल्यावर मी ओतलं, असं वर आलं आहे. हिशेब चोख हवा म्हणून सांगतो, तुमच्या आधीही मी थोडं ओतलं होतं. टाकीमागे मी त्यानंतर लपलो होतो. हा भाग विहीणबाईंना वाचून दाखवू नये.

ता. क. तिसरा, आणि कामाचा. भंगारवाल्याकडून मी एक जुनं डिझेलचं पाणी उपसायचं इंजिन आणलं आहे. त्याला गाळणी नाही, झाकणावर आकडा नाही, खरं तर झाकणच नाही. मुलांचं नाही, आपलं दोघांचं. न्हाणीमागे ताडपत्रीखाली ठेवलं आहे. चाक फिरवलं की आतून काहीतरी बोलतं, पण ती भाषा रोलरची आहे, मला कळत नाही. रविवारी या. त्यात कोणतं ऑइल घालायचं ते तुम्हीच सांगा, मी ऐकेन.

(ऐकेन म्हणजे ऐकून घेईन.)