पितांबरीनं घासलेली बंदूक

हिल्सबरो, ऑकलंड
३ फेब्रुवारी २००८

प्रिय हरीश,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडखळलं. पण पत्राला दुसरी सुरुवात मला कुणी शिकवलेली नाही, तेव्हा गोड मानून घे. दोनदा फोन केला. पहिल्यांदा तू मीटिंगमध्ये होतास, दुसऱ्यांदा मला तुझं चांगलं बघवत नाही असं सुनावून तूच ठेवून दिलास. म्हणून हा कागद. याला मध्येच तोडता येत नाही. चोवीस तारखेला, मंडळाच्या शिवजयंतीच्या पिकनिकला, क्लीव्हडनच्या फार्मवर तू सगळ्यांसमोर ती बंदूक उडवणार आहेस. उडवू नकोस. का, ते शेवटी सांगते. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. तसं केलंस तरी चालेल, पण मग परत येऊन हे मधलंही वाच. माझ्या पोटात बरंच साठलंय.

मंडळातली अनुराधा पापाटोएटोला भाजीच्या दुकानात भेटली. भेंडी निवडता निवडता तिनं तुझं पुराण लावलं. मंडळाची मीटिंग बॉटनी डाउन्सला तुझ्या नव्या घरी झाली, आणि चहाच्याही आधी तू सगळ्यांना हॉलमधल्या त्या भिंतीपुढे नेऊन उभं केलंस म्हणे. म्हणालास, ही आमच्या पूर्वजांची ठासणीची बंदूक, पेशवाईतली, पिकनिकला हिचाच बार काढणार. अरे, जिभेला काही हाड? तुझे पूर्वज सासवडला पोस्टात होते! ती बंदूक आपण हॅमिल्टनच्या लिलावात घेतली. एका मेंढ्यांच्या फार्मवाल्या म्हाताऱ्याचं सामान निघालं होतं आणि बंदुकीबरोबर एक मोडकं शिलाई मशीनही गळ्यात पडलं. ते मशीन अजून माझ्या गराजमध्ये आहे, हवं तर तेही पेशवाईतलं म्हणून घेऊन जा. पेशवाई बुडून चाळीसेक वर्षं झाल्यावरची इंग्रजी फौजेची बंदूक ती. घोड्याखालच्या पट्टीवर राणीचा मुकुट कोरलेला होता. त्याचं काय सांगतोस लोकांना? की तोही घासून काढलास?

घासलीस हे ऐकून मात्र मी कपाळाला हात लावला. पुण्याहून आलेल्या पितांबरीनं! जुन्या लोखंडावर दीडशे वर्षांत चढलेला तो काळसर तपकिरी रंग, ज्यासाठी जाणकार माणसं जीव टाकतात, तो तू समईसारखा खरवडलास. लखलखते म्हणे अगदी. लखलखेल नाही तर काय. ग्रॅहमला मी हे सांगितलेलं नाही. एवढे उपकार करून आपल्याला जुन्या बंदुकांच्या क्लबला पहिल्यांदा घेऊन गेलेला म्हातारा, त्याचं या वयात रक्त आटवायचं नाही. पण तुझ्यात आणि त्याच्यात हाच फरक होता आणि मला तो फार उशिरा दिसला. त्याला बंदूक आवडते. तुला बंदुकीशेजारी उभा असलेला हरीश आवडतो.

आणि एके काळी मला तोही आवडायचा, खोटं कशाला बोलू. नवे आलो होतो आपण, तुला नोकरी लागली होती, मला नव्हती. इंजिनियरिंगची डिग्री फोल्डरमध्ये घालून मी ऑफिसं धुंडाळायची आणि सगळे गोड हसून इथला अनुभव विचारायचे. रविवारी क्लबच्या त्या मैदानावर मात्र कुणी काही विचारत नव्हतं. दारू मोजून नळीत ओतायची, वरून गोळी, मग गजानं दोन्ही खालपर्यंत ठासायचं, आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली ती इवलीशी तांब्याची टोपी. एक बार काढायला केवढा वेळ लागायचा. घाई केली की चुकायचंच. मला तो संथपणा इतका आवडला की त्या मैदानावर मी खरोखर सुखी होते. घरी आलो की न्हाणीघरात गरम पाण्यानं नळी धुवायची, घरभर नासक्या अंड्याचा वास, आणि तू नाक धरून मला हसवायचास. मीच धुवायची, अर्थात. तुझे हात काळे होत.

माझा नेम बसायला लागला आणि तुझा सूर बिघडला. तो ऑगस्टमधला रविवार तुला आठवत असेल, किंवा नसेलही. अपमान करणाऱ्याला कुठे आठवतं. माझ्या टार्गेटवर तीन भोकं एकमेकांना खेटून होती. ग्रॅहमनं सगळ्यांना बोलावून दाखवलं. तू मागे उभा राहून त्याच बंदुकीत पुढचा बार ठासत होतास, आणि हसत हसत इंग्रजीत म्हणालास की चपात्या लाटणारीच्या मानानं बरं आहे. चार म्हातारे हसले. ग्रॅहम नाही हसला. मी काय बोलले ते मराठीत होतं म्हणून बरं. तू बंदूक कापडात गुंडाळून गाडीत फेकलीस आणि आपण निघालो. खरं म्हणजे त्यानंतर आपण नीट असं कधी बोललोच नाही. पुढच्या महिन्यात मी हिल्सबरोला भाड्यानं राहायला आले, बंदूक तुझ्याकडे राहिली. मी माझी वेगळी घेतली, नोकरी मिळवली, दर रविवारी जाते. माझं बरं चाललंय, विचारलं नाहीस तरी सांगते.

आता ऐक. अनुराधा पिशवी उचलता उचलता म्हणाली की आपण वेगळे झालो त्या वर्षीपासून ही बंदूक कधी क्लबला नेलीच नाही, असं तू मोठ्या तोऱ्यात सांगितलंस. वारसा आहे, फक्त बाहेरून घासतो. मी निवडलेली भेंडी तिथेच टाकून गाडीत येऊन बसले. हरीश, ती भरलेली आहे. त्या रविवारी तू दारू आणि गोळी ठासली होतीस, फक्त टोपी लावायची राहिली होती, आणि मैदान सोडण्याआधी नळी तपासायचा ग्रॅहमचा नियम आपण भांडणाच्या तिरीमिरीत पाळला नाही. मला वाटत होतं, तू नंतर कधीतरी जाऊन ती रिकामी केली असशील. कोरडी दारू मरत नसते. तू नुसत्या आवाजासाठी वरून आणखी दारू घालशील, टोपी लावशील, आणि खालचा बार पेटेल. नळी फुटली तर तुझा हात जाईल, कदाचित डोळेही. नाही फुटली तरी आतून गोळी सुटेल, आणि फार्मवर मुलं पळत असतील. खोटं वाटत असेल तर तिचाच गज नळीत अलगद सोड, अडला की नळीच्या तोंडाशी बोटानं धर आणि बाहेरून नळीला लावून बघ. तळापर्यंत पोचणार नाही. पण स्वतः काही उकरायला जाऊ नकोस, तुझ्या हाताची मला खात्री नाही. येत्या रविवारी क्लबला घेऊन ये. गोळी ओढून काढायचा स्क्रू ग्रॅहमकडे आहे. मी काढीन, तू लांब उभा राहा. आणि पिकनिकला बार हवाच असेल, तर माझी बंदूक घेऊन मी येईन. तू फेटा बांधून शेजारी उभा राहा, पूर्वजांची आहे म्हणून खुशाल सांग. मी मान डोलावीन.

त्या एका दिवसापुरती तुझीच,
कांचन