मागून ढकलणारं घर

३ मार्च
निघालो एकदाचे! निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात. ह्यांनी चाकांवरची खोली विकत आणली – पलंग, शेगडी, बेसिन, सगळं आत! ट्रेलर म्हणायचं तिला. गाडीमागे जोडायची आणि हिंडायचं म्हणे. पहिल्याच सिग्नलला तिने मागून असा धक्का दिला की आम्ही थेट झेब्रा पट्ट्यांवर!
"ब्रेक लावला होता ना?" मी.
"लावलाच होता! हे जडत्व आहे."
जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं की माणूस चुकत नाही. जडत्व चुकतं.

६ मार्च
निदान पहिलं: प्लग. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, त्यांना गाडीतून वीज जाते, आणि प्लगच्या पिना गंजल्यात. घासायला काय मिळालं? माझी नखांची कानस! "वाया जाणार नाही," म्हणाले.

७ मार्च
वाया गेली.

१० मार्च
निदान दुसरं. स्टिअरिंगखाली एक डबी आहे, तिच्यावर चकती. ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा ते ती ठरवते. साहेबांनी चकती फिरवून जोर वाढवला. आता ट्रेलर आधी ढकलतो, मग मानगूट धरून मागे खेचतो. आतले सगळे कप फुटले. एक वाचला – मला कधीच न आवडलेला, नणंदेने दिलेला.
"सुधारणा आहे," ह्यांचं मत.

१३ मार्च
गॅरेज. गॅरेजवाल्याने ट्रेलर जॅकवर चढवला, चाकं फिरवली, डबीवरचा खटका दाबला – चाकं जागच्या जागी गप्प.
"काका, ब्रेक ठणठणीत आहेत."
परत येताना हे मला विचारतात, "ह्याला पास कोणी केलं?" जणू पेपर मीच तपासले होते.

१५ मार्च
उतार. पुढे दुधाचा टँकर. मी किंचाळले. थांबलो, तेव्हा त्याच्यावरचं "अंतर ठेवा" मला चष्म्याशिवाय वाचता येत होतं.
"बघितलंस? पुन्हा ब्रेक लागला नाही!"
मी बघितलं होतं – खाली. ह्यांचा पाय ब्रेकवर नव्हताच. ॲक्सिलरेटरच्या कडेवर होता, आणि हे जिवाच्या आकांताने दाबत होते. ब्रेक सापडला तो शेवटच्या क्षणी.
पुढे मोकळं मैदान लागलं, तिथे मी म्हटलं, "मला द्या."
मी चालवली. ब्रेक लावला. ट्रेलर शहाण्यासारखा थांबला. पुन्हा लावला. पुन्हा थांबला. आगाऊ मेला!
हे शेजारी गुडघा चोळत बसलेले. म्हणाले, "उजव्या पायात बूट आहे की नाही, ते खाली बघितल्यावर कळतं मला."
टोमणा अगदी ओठांवर होता. गिळला.

१८ मार्च
ह्यांचे डॉक्टर माझ्यावरच उखडले. पाय हळूहळू जाणार, गाडी चालवायची नाही, हे त्यांनी ह्यांना मागेच सांगितलं होतं म्हणे. मागे म्हणजे – ट्रेलर घ्यायच्या आधी!
पार्किंगमध्ये मी फाडकन विचारलं, "मग हे धूड घेतलंत कशाला? मला मारायला?"
खाली बघत म्हणाले, "पुढे जिने चढता येणार नाहीत गं मला. मी घरी बसलो की तूही बसशील. ह्याला दोनच पायऱ्या आहेत."