गाऱ्हाण्यातलं नाव

बोरीवली,
३ फेब्रुवारी २०२५

ती.स्व. सहदेवकाकांस श्रुतिकाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही माझा फोन दोनदा कापलात, म्हणून पत्र. हे फाडता येतं, पण तेवढं करू नका. सिनेमा मी सोडणार नाही. साकीनाक्याच्या एका बंद कारखान्यात जुन्या काळातली गिरणीची चाळ उभी केलीय आणि मी दारुड्या कामगाराची बायको आहे. इतकी वर्षं मालिकांमधून चहाचे ट्रे फिरवल्यावर ही भूमिका मिळालीय.

पण तुमचा राग खोटा नाही. पिणारे तिघेही मालवणी बोलतात आणि त्यांना सुधारायला येणारा तेवढा पुस्तकी मराठी. नवरा झिंगून गाऱ्हाणं घालतो, तिथे प्रेक्षकांनी हसायचं. वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. दिग्दर्शक धवलना काय सांगू?

तुमचा सर्वेशदादा कामावर जातो का? परवा तुमच्याकडे आले, तर जानकीकाकूने मला दारातूनच वाटेला लावलं.

रागाच्या तळाशी थोडी माया असू द्या.
तुमची श्रुतिका

मुलुंड,
८ फेब्रुवारी

चि. श्रुतिकास अनेक आशीर्वाद.

पत्र फाडणार होतो, पण काकूने लपवून ठेवलं. माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, जन्मभर गिरणीत राबले, थेंबाला शिवले नाहीत. कोकणातला माणूस पडद्यावर आला की एक तर भांडी घासतो, नाही तर झिंगतो. गिरणीतले साहेब काय संध्याकाळी ताक पीत होते? विचार त्या धवलला.

आणि गाऱ्हाणं म्हणजे चेष्टा नव्हे. आपल्या गावमंडळाच्या पूजेला दरवर्षी मीच घालतो, म्हणून सांगतो. देवापुढे नारळ ठेवून, चारचौघांच्या देखत, ज्याचं दुखणं त्याचं नाव घ्यायचं, दुखणंही स्पष्ट बोलायचं. मग जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आडून मागितलं तर ते गाऱ्हाणंच नव्हे.

सर्वेश पित्तामुळे रजेवर आहे. बाहेर बोलू नकोस.

रागावलेला, तरी तुझाच,
सहदेवकाका

बोरीवली,
१९ फेब्रुवारी

ती.स्व. काकांस शि. सा. नमस्कार.

धवलनी ऐकलं! आता गिरणीचे साहेबही पिताना दिसतात. गाऱ्हाणं नवऱ्याकडून काढून मला दिलं. बायका घालत नाहीत, ठाऊक आहे मला. पण चाळीतला एकही पुरुष पुढे होत नाही, म्हणून ती घालते.

काल ते चित्रित करायचं होतं. नारळ ठेवला, हात जोडले आणि नवऱ्याच्या नावाच्या जागी तोंडून निघालं, ‘सर्वेशाची दारू सोडय रे म्हाराजा.’ चाळ भरून बसलेले सगळे नट एका सुरात व्हय म्हाराजा म्हणाले. धवल म्हणाले, नाव चुकलं, पुन्हा घेऊ. मी नुसती रडत होते.

काका, ते पित्त नाही. वाकोल्याला बारच्या पायरीवर बसलेला पाहिलाय मी दादाला. त्याने मला ओळखलंसुद्धा नाही. फार भीती वाटते हो.

या पत्रावर रागावलात तरी चालेल, गप्प मात्र राहू नका.
श्रुतिका

मुलुंड,
३ मार्च

चि. श्रुतिकास आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊन बरेच दिवस नुसता घरात फेऱ्या मारत होतो. शेवटी काल गाववाल्यांना घरी बोलावलं. काकू नको नको म्हणत होती. सर्वेश आतल्या खोलीत दार लावून बसला होता.

नारळ ठेवला. आजवर सगळ्या गावाची नावं घेतली, पोटच्या पोराचं घ्यायच्या आधी नारळ उगाच दोनदा सरळ केला. पण घेतलं. दारू हा शब्दही उच्चारला. कुणाच्या तोंडून हूं की चूं नाही. गावमंडळातला नंदकिशोर तर जमिनीकडेच बघत राहिला. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांनाही मी पित्तच सांगितलं होतं.

तेवढ्यात आतली कडी निघाली. पहिलं ‘व्हय म्हाराजा’ सर्वेशचं होतं. बाकीचे मागाहून म्हणाले.

उद्या सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेतोय. पुढे काय होईल, ठाऊक नाही. तू ये. काकू दार उघडेल.

तुझा,
सहदेवकाका