वन्सं, तुमचा सेकंदकाटा

प्रिय वन्सं,

दोन दिवस मी तुमच्याशी अबोला धरला होता. गेलेल्या माणसाशी अबोला धरणारी अख्ख्या पनवेलात मी एकटीच असेन. फोटोपुढे दिवा लावला, पण बोलले नाही. आज सोडते. समोर बसून विचारता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या कपाटात घड्याळ रुमालात बांधलेलं सापडलं. वर चिठ्ठी होती, 'सुमनला द्यावे'. संदीप म्हणाला, "आत्याने मला नाही ठेवलं?" मी म्हटलं, तुला खोली ठेवली ना? पण मलाही आश्चर्य वाटलं. भावजयीला घड्याळ कोण ठेवतं?

तुम्ही तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायचात. नर्सबाईंची सवय. मीही तसंच घातलं. पट्टा मला एक भोक सैल होतो.

या घड्याळाचा मला धाक होता, आठवतं? चौथीत शाळा सुटलेली मी, तुम्ही दवाखान्यातून आणलेल्या जुन्या मासिकांवर नीट वाचायला शिकले. अडलेला शब्द विचारला की तुम्ही घड्याळ पुढे धरायचात. "एक मिनिट स्वतः लावून बघ, मग सांगते." बहुतेक वेळा मिनिटात लागायचा. आज हे पत्र लिहिताना कुणाला विचारावं लागलं नाही.

तर, चावी दिली. मोठे दोन काटे चालू लागले. सेकंदकाटा मात्र सहावर लोंबकळत राहिला. भाजीबाजाराजवळच्या तुमच्या त्या म्हाताऱ्या घड्याळवाल्याकडे घेऊन गेले. त्याने भिंग लावायच्या आधीच ओळखलं.

"हा काटा बाई रिटायर झाल्या तवाच सुटला," तो म्हणाला. "मी बोललो, बसवून देतो. तर बोलल्या, राहू दे, आता कुणाची नाडी मोजायची हाय?"

मी घड्याळ तसंच परत घेतलं. करंजाडेच्या घरापर्यंत रिक्षात हिशेब करत आले. तुम्ही रिटायर झालात संदीपच्या लग्नाच्या वर्षी. हे गेले त्यानंतर दोन वर्षांनी.

मग त्या दुपारी तुम्ही काय मोजत होतात, वन्सं?

आपटा गावच्या लग्नाला जाऊ नका, छातीत दुखतंय, असं मी यांना शंभरदा सांगितलं होतं. हे एसटी धरून एकटेच गेले. आल्यावर मी आठ दिवस बोलले नाही. तुम्ही मधे. "वन्सं, यांना विचारा, गोळी घेतली का." दोन हातांवर बसलेले हे म्हणायचे, "ताई, तिला सांग, घेतली." तुम्ही वैतागून म्हणालात, "मी काय पोस्टमन आहे? दोघांची पत्रं बंद करा." आम्ही दोघेही तोंड फिरवून हसलो. पण बोललो नाही. वाटलं, एवढी काय घाई आहे!

नवव्या दिवशी हे जेवून उठले आणि दारातच कोसळले. संदीप गाडी आणायला धावला. दोन गल्ल्यांवरून तुम्ही आलात. तुम्ही छाती दाबलीत, किती वेळ दाबलीत, तुमच्या कपाळावरचा घाम यांच्या सदऱ्यावर पडत होता. मग थांबलात. यांचा हात हातात घेतलात, मनगट वळवून घड्याळ बघितलंत. पूर्ण मिनिटभर. आणि मला म्हणालात, "आहे अजून. बोल त्याच्याशी."

मी बोलले. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "अहो, लग्नात जेवायला काय होतं?" मग म्हटलं, मीही यायला हवं होतं. पुढच्या वेळी दोघं जाऊ. गाडी येईपर्यंत मी बोलत होते.

नंतर बायका विचारायच्या, शेवटचं बोलणं झालं ना गं? मी सांगायची, झालं. या एका शब्दावर मी इतकी वर्षं काढली. तुम्ही दर रविवारी चहाला यायचात, बिस्किट बुडवून खायचात आणि एका अक्षराने बोलला नाहीत!

राग आला मला. हे गेल्यावर मी जेवणाचं विचारत बसले की काय? मग वाटलं, पस्तीस वर्षं नाड्या धरलेल्या बाईला घड्याळ कशाला लागतं? कदाचित तुमच्या बोटांना खरंच लागलं असेल. घड्याळ बघितलंत ते सवयीने. कदाचित नसेलही. दोन दिवस हेच उलटंसुलटं केलं. उत्तर तुमच्यापाशी होतं, ते तुम्ही घेऊन गेलात.

पण घड्याळ मला ठेवलंत. हा काटा मला दिसणार, मी बाजारात जाणार, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. मिनिटभर स्वतः लावून बघ, हेच ना?

मी लावलं आहे. यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. मी बोलले, एवढं खरं. तुम्ही गप्प राहिला असतात तर तेही राहून गेलं असतं, आणि मी आजही नवव्या दिवशीच बसलेली असते.

घड्याळवाल्याला सांगितलं, काटा बसवायचा नाही. रोज सकाळी चावी देईन, तबकडी आतच ठेवीन. आणि कधी शेजारीपाजारी एखादीचं बोलायचं राहून गेलं असेल, तर तुम्हाला शब्द देते, वन्सं. मी तिच्या माणसाचा हात हातात घेईन, मिनिटभर हे घड्याळ बघीन आणि सांगेन, "आहे अजून. बोल."

तुमची,
सुमन